पाहुण्याचा रंग

आमच्या संग्रहालयातल्या कपाटांच्या पाट्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. पाटी म्हणजे सहा ओळी. त्यात देवमाशापासून डासापर्यंत कुणालाही कोंबावं लागतं, आणि लोक पहिली ओळ वाचून पुढच्या कपाटाकडे चालू लागतात. याचा राग मी कधीच सोडला, असं मी सांगते. मावशीला विचाराल तर ती वेगळं सांगेल.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिनंच मला इथे चिकटवलं, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे आणि कुणी विसरूही देत नाही. ती मॉडेल करते. तळघरातल्या लांबट खोलीत तिचं टेबल आहे. मेण वितळवायची शेगडी, प्लास्टरची पोती, ब्रशांनी भरलेले डबे, आणि फक्त तिचंच ऐकणारा एक टेबललॅम्प. तिनं केलेल्या मेणाच्या सफरचंदाला उद्घाटनाला आलेल्या एका साहेबांनी खरंच दात लावले होते. ते व्रण तिनं आजवर बुजवलेले नाहीत. म्हणते, "राहू दे, मला मिळालेलं एकुलतं एक सर्टिफिकेट आहे ते."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, माळी होते. शहरापासून बसनं अर्ध्या दिवसावर एक टेकडी आहे. तिथल्या रोपवाटिकेत ते नोकरीला होते, राहायलाही तिथल्याच खोलीत. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे, नखांत माती आणि पिशवीत कुठलंतरी रोप घेऊन. "आमचा संसार बसच्या वेळापत्रकावर चालतो," असं मावशी हसत सांगायची. मूल झालं नाही. झाडं झाली, असं काका म्हणायचे, आणि मग मावशी त्यांना म्हणायची, "ती तुमची. माझी सगळी मेणाची."

त्या टेकडीच्या उतारावर एक फूल आहे. जमिनीलगत येतं, जांभळट, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या. जगात ते फक्त तिथे उरलंय. काका त्याला राणीसाहेब म्हणायचे, कारण त्याचा थाटच तसा होता. भोवती कुंपण, कुंपणावर पाटी, पाहायला येणाऱ्यांसाठी फळ्यांची पायवाट, आणि बिया दूर कुठल्याशा शीतगृहात जपून ठेवलेल्या. फूल कमी झालं की मोजता येतं. मेलं तर मेलेलं दिसतं. वाळवून कागदावर चिकटवलं तरी फूल म्हणून ओळखू येतं.

आणि कुंपणापासून हाकेच्या अंतरावर एक जुनं झाड आडवं पडलेलं होतं. त्या ओंडक्यावर वर्षातून एखाद-दोनदा, हवेत ओल आली की, एक अळंबी यायची. छोट्या पंख्यांसारखी, एकाखाली एक. तीही दुसरीकडे कुठे सापडलेली नव्हती. पण तिला ना कुंपण ना पाटी. काका तिला पाहुणा म्हणायचे. कळवून येत नाही, आला की चार दिवस राहतो, आणि निघताना सांगत नाही, म्हणून. राणीसाहेबांची चाकरी त्यांना पगार देऊन करायला सांगितली होती. पाहुण्याची बडदास्त ते आपल्या मनानं ठेवायचे.

मावशी टेकडीवर जायची ती राणीसाहेबांसाठी. त्या फुलाचं मॉडेल तिनं केलं तेव्हा ती कितीतरी फेऱ्या गेली. तलम कापड मेणात बुडवून पाकळी करायची, ती फुलाशेजारी धरून बघायची, आणि पुन्हा वितळवायची. काका शेजारी उभे. म्हणायचे, "आज पाहुणा आलाय. चार पावलं चल, बघून घे." मावशी म्हणायची, "कुजक्या लाकडावरची बुरशी काय बघायची? आमच्या मोरीत आहे की भरपूर." कधी ऊन कलत असायचं, कधी परतीची बस असायची. "पुढच्या वेळी नक्की," ती म्हणायची. आणि पुढच्या वेळी पाहुणा गेलेला असायचा.

मग एका वर्षी हवा फार कोरडी गेली. फूल बघायला येणारे लोक त्या ओंडक्यावर बसू लागले, कुणी त्याच्या ढलप्या काढून चहासाठी जाळ केला. काकांच्या जिवाला घोर लागला. त्यांनी रोपवाटिकेतल्या दोघातिघांना हाताशी धरून तो ओंडका ओढत आपल्या शेडमध्ये आणला. वाळवी लागू नये म्हणून विटांवर उचलून ठेवला. वरचं शेवाळ हलक्या हातानं खरवडलं, सुटलेली साल काढली, रोज संध्याकाळी झारीनं पाणी घातलं, आणि नंतर थोडं खतसुद्धा. आजारी रोपासाठी आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं आणि रोपं जगली होती. त्यांच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे.

पाहुणा त्यानंतर एकदाच आला. नखाएवढा, एका बाजूनं सुकलेला. पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

अळंब्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई टेकडीवर आल्या, तेव्हा काकांनी मोठ्या कौतुकानं त्यांना शेडमध्ये नेलं. बाईंनी ओंडक्यावर हात ठेवला. रोजच्या पाण्यानंतरही तो खडखडीत कोरडा होता. त्या वाईट माणूस नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "काका, हा तिथेच पडू द्यायचा होता. आपल्याला दिसतं ते त्याचं फळ. खरा जीव लाकडाच्या आत असतो, बारीक तंतूंचा. लाकूड जमिनीवर कुजत राहिलं तरच तो जगतो." काकांनी विचारलं, "मग मेला का आता?" बाई म्हणाल्या, "ते सांगता येत नाही. झाड मेलेलं कळतं. हे कळत नाही. आत असेलही. आणि कित्येक वर्षं नुसतंच असेल म्हणत राहावं लागतं."

काका त्या सुट्टीला घरी आले ते रिकाम्या पिशवीनं. जेवले नाहीत. मी तेव्हा तिथेच होते. मावशीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अति तिथं माती म्हणतात ना? मी तर त्याच्याखाली मातीसुद्धा ठेवली नाही." त्यांनी ओंडका परत उतारावर नेऊन ठेवला, जिथे होता तिथेच, त्याच कुशीवर. पण ढलपी तुटून पडत होती आणि आत भुसा झाला होता. "आत असेल," ते दर वेळी म्हणायचे. घरातल्या माणसानं येतो म्हणून जावं आणि परतू नये, तशी त्यांची अवस्था झाली होती. रडावं तर कोण मेलंय, आणि न रडावं तर कोण आहे.

पुढे त्यांची छाती भरू लागली आणि नजर मंद होऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं, ओल अजिबात नको, धूळ नको, टेकडी तर नकोच. मावशीनं त्यांना शहरात आणलं. घर वरच्या मजल्यावरचं, दिवसभर ऊन. तिनं पडदे काढले, सतरंज्या काढल्या, फरशी दोनदोनदा पुसायला लागली. नोकरी सांभाळून ती त्यांचं सगळं वेळेवर करायची. काका खिडकीशी खुर्चीत बसलेले. एकदा मी गेले तर मावशी त्यांच्या पायांखाली पाट सरकवत होती, फरशी गार लागू नये म्हणून. काका मला म्हणाले, "बघ, तुझ्या मावशीनं मला विटांवर ठेवलंय." मी हसले. मावशीही हसली, आणि मग उठून उगीचच आत गेली.

त्याच सुमारास आमच्या संग्रहालयाच्या मॅडमनी नवं कपाट ठरवलं. धोक्यातली एक वनस्पती आणि धोक्यातली एक अळंबी, शेजारी शेजारी. टेकडीवरचीच दोन्ही. लोकांना फुलाचं दुःख चटकन होतं, अळंबीचं होत नाही, ते का, हे दाखवायचं. कल्पना चांगली होती, आणि माझ्याकडून चांगल्या कल्पनेची तारीफ सहसा होत नाही. मला पाटी लिहायची होती, मावशीला मॉडेल करायचं होतं. राणीसाहेब तयारच होत्या. प्रश्न पाहुण्याचा होता.

पाहुण्याचं काय होतं आमच्याकडे? एका पाकिटात वाळलेला तुकडा. फूल वाळलं तरी फूल राहतं. अळंबी वाळली की जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा वाटते. रंग गेलेला, आकार आक्रसलेला. आणि कुणीतरी फ्लॅश मारून काढलेले दोन फोटो, त्यात तो पांढुरका डाग. त्याला नीट, उजेडात, वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस एकच होता, आणि त्याची नजर रोज थोडी थोडी जात होती.

"आता यांची नजर आहे तोवर करते," मावशी मला म्हणाली. "नंतर कुणाला विचारू?"

आकार जमला. ती मातीचा पंखा करून न्यायची, काका बोटांनी चाचपायचे. कड आणखी पातळ, खालची बाजू मखमली हवी, हा खालचा जरा वर वळलेला असायचा. त्यांच्या बोटांना सगळं आठवत होतं. तिनं साचा केला, प्लास्टर ओतलं. मग रंग.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "अहो, रंग कसा होता नेमका?"

काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "आपण नवीन नवीन होतो तेव्हा तू स्वयंपाकघरात खिडकीला पाठ करून बसायचीस. कानाच्या पाळीतून ऊन यायचं. तो रंग."

"काहीतरीच," मावशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मी तळघरात उतरले तर ती लॅम्प कानामागे धरून हातातल्या आरशात बघत बसली होती.

ती कार्डांवर रंग लावून न्यायची. पुठ्ठ्याचे छोटे चौकोन, पिकत्या जर्दाळूपासून फिकट मातीपर्यंत. काका एकेक कार्ड खिडकीकडे धरायचे, तिरकं करायचे, मान हलवायचे. "जवळ आहे. पण हा नाही." दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड. "याच्यात थोडं दूध पडायला हवं." पुन्हा नवीन. मॅडमनी दिलेली तारीख गेली. त्यांनी मला बोलावून विचारलं, मी त्यांना उडवाउडवीची उत्तरं दिली, ते मला जमतं. मावशी आता चार वाजताच टेबल आवरायची. घरी जाऊन चहा करायची आणि काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसायची. मग काका सुरू करायचे. तो कुठल्या कुशीवर यायचा, पहिल्या दिवशी कसा ओला असायचा, एकदा त्याच्यावर गोगलगाय कशी बसली होती. ती विचारायची आणि ते सांगायचे. इतकी बोलताना मी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी मी मावशीबरोबरच घरी गेले. तिनं प्लास्टरचा नवा पंखा नेला होता. जुन्याच्या कडेचा टवका उडाला होता म्हणून पुन्हा ओतलेला. अजून रंगवलेला नव्हता, नुसता पांढराफटक. कड बरोबर आली का, एवढंच तिला विचारायचं होतं. ती काही बोलायच्या आत काकांनी तो हातात घेतला. बोटं कडेवरून फिरली. मग त्यांनी तो खिडकीकडे धरला, नेहमीसारखा तिरका केला, आणि बघत राहिले.

"हाच," ते म्हणाले. "हाच रंग. जमला बघ तुला. आता याला हात लावू नकोस."

मावशी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"खरंच?" ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा.

"खरंच. किती छळलं ना तुला? पण शेवटी आणलासच."

"हो," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, आज जमलाय." मग ती आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी नव्हतीच, दोन कप होते.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्यात त्यांना कळत असेल तो उजेड आणि अंधार, बस. रंग दिसणं तर कित्येक महिन्यांपूर्वीच थांबलेलं असणार. म्हणजे ती सगळी कार्डं त्यांनी न बघताच परत केली होती. मावशीला कळेना, की हो म्हणून का नाही टाकलं त्यांनी पहिल्याच दिवशी. मला कळतं असं मला वाटतं. हो म्हटलं असतं तर ती ते मॉडेल घेऊन तळघरात गेली असती. नाही म्हटलं की ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन शेजारी बसत होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा पाहुण्याला बघायला येत होती, आणि ते तिला दाखवत होते. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला ते माझ्या आधी कळलं असेल.

मग शेवटी हो का म्हटलं? थकले असतील. पुढे वेळ नाही हे कळलं असेल आणि तिला मोकळं करायचं असेल. किंवा खरंच त्यांना तो दिसला असेल. ओंडक्याच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

त्या महिन्यातच ते गेले. खुर्चीत, सकाळी, पायांखाली पाट होता.

मावशी आठवड्यानं कामावर आली आणि तो पांढरा पंखा तसाच कपाटात ठेवून मोकळी झाली. मॅडम तिला समजावत होत्या. लोकांना वाटेल काम अर्धवट राहिलंय, निदान अंदाजानं तरी थोडा रंग द्या. मावशी म्हणाली, "ज्यानं पाहिलं होतं त्यानं पास केलाय. हात लावू नकोस म्हणून सांगितलंय." मॅडमनी पुन्हा विषय काढला नाही. पाटीत मी लिहिलं की फुलाचा रंग फुलावरून घेतला आहे, आणि अळंबीचा रंग आता कुणाला माहीत नाही. सहा ओळींतली ही शेवटची. तिथवर कुणी वाचत नाही. लोक जांभळ्या झालरीसमोर उभे राहून फोटो काढतात, आणि पांढऱ्याकडे बघून विचारतात, हे काय, दगड आहे का?

हवेत ओल आली तेव्हा मावशी म्हणाली, मला टेकडीवर ने. आम्ही गेलो. राणीसाहेब फुलल्या होत्या, कुंपणाशी गर्दी होती. मावशी त्यांच्याकडे न बघता पुढे गेली. ती चार पावलं. ओंडका म्हणजे आता मातीत रुतलेली एक काळी लांबट रेघ उरली होती. ती खाली वाकली, मग बसलीच. तिथे काही नव्हतं. "आत असेल," ती म्हणाली. परतीची बस सुटली तरी ती उठली नाही. मग आम्ही काकांच्या जुन्या खोलीच्या पायरीवर बसून पुढच्या बसची वाट बघितली.

परवा ती निवृत्त झाली. टेबल आवरायला मी मदतीला होते. ब्रश, साचे, दात लावलेलं सफरचंद, सगळं खोक्यात गेलं. शेवटी तिनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि उपडा केला. ती सगळी कार्डं होती, काकांनी नाही म्हटलेली. तिनं ती टेबलावर ओळीनं मांडली, जर्दाळूपासून मातीपर्यंत. टेबल भरलं.

"यांना दिसतच नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे यातला एखादा बरोबर असणार, हो ना? मी आणलेला असणार कधीतरी."

ती स्टुलावर बसली, भिंतीकडे तोंड करून. लॅम्प ओढून कानामागे आणला. पांढरे केस बाजूला केले.

"एकेक लावून बघ बरं माझ्या कानाशी," ती म्हणाली. "तुझी नजर चांगली आहे. तो कान मात्र तेव्हाचा होता. आता त्याचाही रंग गेला असेल."

मी पहिलं कार्ड उचललं आणि तिच्या कानाच्या पाळीशी धरलं. मग दुसरं. मग तिसरं. पाळीवर बारीक सुरकुत्या होत्या आणि लॅम्पचा उजेड त्यातून नीट येतही नव्हता. एकही जुळत नव्हतं.

"सापडला का?" तिनं विचारलं.

"जवळ आहे," मी म्हणाले. "पण हा नाही. बस तशीच, अजून बघते."